स्विच सोडल्यावरही वाजत राहणाऱ्या लेयरबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सिंथेसायझरमधील लेयर स्विचने सुरू-बंद करताना स्वर अडकून राहण्याच्या दोषाबाबत.

महोदय,

मी गेली २२ वर्षे सांगली-मिरज परिसरात अभंग आणि भावगीतांच्या कार्यक्रमांत कीबोर्डची साथ करतो. आपल्या कंपनीचा ६१ पट्ट्यांचा सिंथेसायझर मी अधिकृत विक्रेत्याकडून घेतला असून त्याची वॉरंटी अद्याप चालू आहे; बिल आणि वॉरंटी कार्ड यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

याहून स्वस्त वाद्ये बाजारात असताना मी हे निवडले ते एकाच सोयीसाठी. प्रत्येक लेयर, म्हणजे एकाच पट्टीवर एकत्र वाजू शकणाऱ्या आवाजांपैकी एकेक आवाज, कधी वाजावा हे यात वादकाला ठरवता येते. माझ्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे वाद्यात साठवलेल्या आवाजांच्या जुळणीत, हार्मोनियमचा लेयर कायम वाजतो, संतूरचा लेयर व्हेलॉसिटी (पट्टीवर हात पडण्याचा जोर) १०५च्या वर गेली तरच वाजतो आणि स्ट्रिंग्जचा (व्हायोलिनसारख्या वाद्यांच्या समूहाचा) लेयर पायाचा स्विच दाबून धरला असेल तेव्हाच वाजतो. दोन्ही हात पट्ट्यांवर असताना गायकाने आलाप घेतला की पायाने स्ट्रिंग्ज उघडायच्या आणि तबला सुरू झाला की मिटायच्या, अशी ही रचना आहे. व्हेलॉसिटीचा भाग निर्दोष चालतो, हे मुद्दाम नमूद करतो. १ ते १२७ या मापात हात किती जोरात पडला हे पट्टी दाबतानाच एकदा ठरते आणि पुढे त्यात काही बदलत नाही. स्विचचे तसे नाही. पट्टी दाबलेली असतानाच तो बदलू शकतो, आणि दोष नेमका तिथेच आहे.

गेल्या महिन्यातील एका कार्यक्रमात काळी एकमधला, म्हणजे पहिल्या काळी पट्टीला षड्ज धरून गायलेला, अभंग संपत होता. शेवटच्या ओळीला माझ्या उजव्या हाताखाली एकटा पंचम होता, म्हणजे काळी चारची पट्टी. मी स्विचवरून पाय उचलला आणि क्षणभराने बोट उचलले. हार्मोनियम थांबली, स्ट्रिंग्ज मात्र चालूच राहिल्या. टाळ्यांच्या आवाजात ते मला कळले नाही. पुढचे भावगीत पांढरी चारमध्ये होते आणि त्यात शुद्ध गंधार होता. जाणकारांना सांगायला नको की पांढरी चारच्या सुरात काळी चार हा कोमल गंधार होतो. गायिकेने पहिली ओळ उचलली, गंधारावर आली आणि थांबून तिने माझ्याकडे पाहिले. मी घाईने दुसरा प्रोग्रॅम निवडला, पण प्रोग्रॅम बदलताना वाजता स्वर तुटत नाही अशी ज्या सोयीची आपण जाहिरात करता, तिच्यामुळे तो स्वर तिथेही टिकून राहिला. अखेर वाद्य बंद करून पुन्हा चालू करावे लागले आणि ते तयार होईपर्यंत तबलजींनी एकट्याने ठेका धरून वेळ निभावून नेली. २२ वर्षांत माझ्यावर अशी वेळ आली नव्हती.

घरी आल्यावर मी सस्टेन पेडल (पट्टी सोडल्यावरही स्वर लांबवणारे पेडल) काढून ठेवले, फक्त स्ट्रिंग्जचा लेयर चालू ठेवला आणि शांतपणे तपासणी केली. स्विच दाबून पट्टी दाबली, आधी स्विच सोडला आणि मग पट्टी सोडली, तर २० पैकी २० वेळा स्वर अडकला. आधी पट्टी आणि मग स्विच सोडला, तर एकदाही अडकला नाही. स्विच पुन्हा दाबून नेमकी तीच पट्टी परत वाजवली की अडकलेला स्वर सुटतो. पण भर कार्यक्रमात ती पट्टी कोणती हे शोधत बसणार कोण? वाद्य यूएसबीने संगणकाला जोडून मिडीचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या सामाईक संदेशभाषेचे, संदेशही पाहिले. स्वर सुरू झाल्याचा आणि थांबल्याचा, असे दोन्ही संदेश प्रत्येक वेळी व्यवस्थित बाहेर पडत होते. म्हणजे पट्ट्यांमध्ये बिघाड नाही. स्विच सोडताच वाद्याचे सॉफ्टवेअर त्या लेयरला यादीतून वगळते आणि थांबण्याचा संदेश त्याच्यापर्यंत पोचवतच नाही, असाच याचा अर्थ लागतो. मिडीमध्ये स्वर सुरू करणे आणि थांबवणे हे १९८३ पासून दोन स्वतंत्र संदेश आहेत. दुसरा पोचला नाही तर पहिल्याने सुरू केलेला स्वर आपणहून थांबत नाही. पियानो किंवा संतूरचा आवाज तसाही विरून जात असल्याने तिथे हा दोष झाकला जातो. स्ट्रिंग्ज, ऑर्गन, हार्मोनियम यांत तो उघडा पडतो. आपल्याकडील चाचणी पियानोच्या टोनवरच झाली असावी, अशी मला शंका आहे.

हे सर्व मी व्हिडिओसह आपल्या सेवा केंद्राला कळवले. प्रथम मला फॅक्टरी रीसेट करायला सांगण्यात आले. प्रोग्रॅम आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, असे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. ते मला सुचले म्हणून माझे काम वाचले. रीसेटने काहीच फरक पडला नाही. त्यानंतर ‘वाद्य असेच चालते, आधी पट्टी सोडण्याची सवय करा’ असे उत्तर आले. आपल्याच माहितीपुस्तिकेत मात्र असे छापले आहे की स्विच बदलला तरी आधीपासून वाजत असलेला स्वर पट्टी सोडेपर्यंत तसाच राहतो आणि पट्टी सोडल्यावर थांबतो. माझी अपेक्षाही तेवढीच आहे. पट्टी दाबताना ज्या लेयरना स्वर दिला, ते लेयर वाद्याने पट्टी सुटेपर्यंत लक्षात ठेवावेत आणि मधल्या काळात स्विचचे काहीही झाले तरी थांबण्याचा संदेश त्या सर्वांना द्यावा.

त्यामुळे हा दोष असल्याचे लेखी मान्य करून त्यावरचे सॉफ्टवेअर अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत कळवावे. सर्व स्वर एकदम तोडणारे बटण या वाद्यावर नाही. अपडेट येईपर्यंत एखाद्या रिकाम्या बटणाला ते काम देता येत असल्यास त्याची कृतीही कळवावी. अपडेट देणे शक्य नसेल तर वाद्य परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार माझ्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा हक्क मी राखून ठेवत आहे.

तपासणीचा व्हिडिओ, संगणकावर नोंदलेली मिडी फाइल आणि सेवा केंद्राशी झालेला ईमेल व्यवहार सोबत जोडला आहे. पुढचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर आहे. तोपर्यंत स्ट्रिंग्जचा लेयर मी बंदच ठेवला आहे.

कळावे,

आपला,
(सही)
कीबोर्डवादक, सांगली