होल्स्टर घेताना आधी ट्रिगर झाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आंब्याचा हंगाम आटोपला आणि पाऊस तोंडावर आला. परवान्याची रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या कोकणातल्या माणसाने कमरेचे होल्स्टर, म्हणजे शस्त्र ठेवायचे आवरण, काढून उजेडात नीट पाहावे, अशी ही वेळ आहे. परवाना कसा मिळतो, नूतनीकरण कधी करायचे, निवडणुकीत शस्त्र कुठे जमा करायचे, हे वर्तमानपत्रांतून अधूनमधून छापून येते. पण ती वस्तू दिवसभर अंगावर ठेवायची कशात, याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. दुकानदार काउंटरवर जे कव्हर काढून ठेवतो ते घेऊन माणूस घरी येतो, महिनाभर कमरेला टोचते म्हणून वैतागतो आणि शेवटी रिव्हॉल्व्हर नुसतीच खिशात टाकू लागतो. धोका इथून सुरू होतो, म्हणून हे पत्र.

कायद्याचे आधी सांगतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी असे छोटे शस्त्र अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या योग्य पिशवीत असावे लागते. ते पूर्ण झाकलेले असावे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर नीट ताबा असावा, अशीही अपेक्षा आहे. नेहरूशर्टाखाली नाडीत खोचलेली किंवा गाडीच्या कप्प्यात कागदपत्रांबरोबर टाकलेली रिव्हॉल्व्हर यात कुठेच बसत नाही. लग्नाच्या मांडवात शर्ट सरकवून मूठ दिसेल असे फिरणेही बसत नाही, आणि ते शोभतही नाही.

आपल्याकडे बहुतेकांकडे .३२ बोअरची, सहा गोळ्यांची देशी रिव्हॉल्व्हर असते. कानपूरची जुन्या घडणीची साधारण ७०० ग्रॅम भरते. २०१४ मध्ये आलेली ‘निर्भीक’ सुमारे ५०० ग्रॅमची आहे. या दोन्हींची नळी बिजागरीवर खाली झुकून काडतुसे भरायची जागा उघडते. २०२३ मध्ये आलेली ‘प्रबल’ ६७५ ग्रॅमची असून तिची नळी ७६ मिलिमीटरची आहे आणि तिचे सिलिंडर, म्हणजे काडतुसांचे फिरते नळकांडे, बाजूला उघडते. ही माहिती द्यायचे कारण एवढेच की या तिन्हींना एक होल्स्टर चालत नाही. ‘सगळ्या .३२ ला बसते’ असे सांगून जे विकले जाते, ते एकीलाही धड बसत नाही. परदेशी पाच गोळ्यांच्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी बेतलेले महागडे होल्स्टरही आपल्या कानपुरी मापाला चालेलच असे नाही. रिकामे शस्त्र आणि परवाना सोबत नेऊन, प्रत्यक्ष घालून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. घालून पाहताना शस्त्र उघडायची कळ होल्स्टरच्या काठाखाली किंवा पट्टीखाली दबत नाही ना, तेही तपासावे. ती दबत असेल, तर नेमकी बाहेर काढताना नळी झुकलेली किंवा सिलिंडर सुटलेले हाती यायचे.

होल्स्टरचे पहिले काम ट्रिगर झाकणे. आराम, लपणे, दिसणे हे सगळे त्यानंतर. ट्रिगर आणि त्याभोवतीचे कडे दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकले गेले पाहिजे, तेही अशा कडक आवरणाने की बाहेरून अंगठ्याने जोरात दाबले तरी आत ट्रिगर हलणार नाही. बाजारात मिळणारी पातळ नायलॉनची किंवा रेक्झिनची कव्हरे या परीक्षेत सरळ नापास होतात. रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर जड असतो, चुकून दाबला जात नाही, असे बरेच जण म्हणतात. घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा मागचा भाग, खाली असेपर्यंत ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण उघडा घोडा कापडात अडकून मागे ओढला गेला आणि तसाच अडकून राहिला, तर तोच ट्रिगर अगदी हलका होतो. खिशात किल्ल्यांचा जुडगा किंवा चुन्याची डबी बरोबर असेल, तर पुढचे सांगायला नको.

दुसरी तपासणी तोंडाची. मऊ चामड्याचे होल्स्टर नवे असताना ठीक असते. वर्षभर घामात भिजून वाळले की तोंडाजवळचा काठ लुळा पडतो. रिव्हॉल्व्हर बाहेर काढली की तो काठ आत दुमडतो आणि चामड्याची एक जीभ तयार होते. शस्त्र परत आत सारताना ती जीभ ट्रिगरच्या कड्यात शिरते. माणसाला वाटते घट्ट बसतेय म्हणून तो अजून जोर लावतो, आणि नळीचे तोंड तेव्हा त्याच्याच मांडीकडे असते. म्हणून तोंडाला दुहेरी चामडे किंवा आतून पोलादी पट्टी शिवलेली असावी, रिकामे असतानाही तोंड उघडेच राहावे. ज्याचे तोंड मिटते ते होल्स्टर कितीही आवडते असले तरी टाकून द्यावे, दुरुस्तीच्या नादी लागू नये.

चामडे घ्यायचे तर झाडाच्या सालीने, हिरड्याने कमावलेले घ्यावे. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच पद्धतीने कमावतात, आणि घाट चढून गेले की असे काम करणारे कारागीर भेटतात. जाडी ३ ते ४ मिलिमीटर असावी. हे चामडे पाण्यात भिजवून, प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळलेल्या रिकाम्या शस्त्रावर दाबून बसवले आणि सावलीत वाळवले की तोच आकार कायम धरते. मग पट्टी न लावताही रिव्हॉल्व्हर जागच्या जागी राहते. रसायनाने कमावलेले मऊ चामडे बॅगेला चांगले. ते आकार धरत नाही.

आता किनाऱ्याचा प्रश्न. देवगड, वेंगुर्ला, गुहागर, दापोली, कुठेही घ्या, हवेत मीठ आणि ओल दोन्ही असतात. त्यात अंगाचा घाम. चामडे हे सगळे शोषते आणि पोलादाला चिकटून बसते. पहिला गंज सिलिंडरच्या बाहेरच्या कडेवर आणि नळीच्या अंगाकडच्या बाजूला दिसतो, कारण होल्स्टर तिथेच घासून वरचा काळा थर उडालेला असतो. आधी तपकिरी ठिपके पडतात. ते तेलाच्या फडक्याने पुसून जातात, पण तसेच राहिले की खड्डे पडतात आणि ते मात्र जात नाहीत. टिचबटणही पाहावे. पितळी बटणाभोवती हिरवा थर साचला की एकतर ते उघडता उघडत नाही, नाहीतर चालता चालता आपोआप सुटते. नवे घेताना बटण स्टेनलेस स्टीलचेच मागावे.

या हवेत कडक प्लॅस्टिकचे, कायडेक्सचे होल्स्टर चामड्यापेक्षा सरस ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते ओल धरत नाही, तोंड मिटत नाही, नळाखाली धरून धुता येते. त्याचे दोष दोन. अंगाला कडक लागते, आणि बागेतली जांभ्याची लाल धूळ आत गेली की काचकागदासारखी शस्त्र घासते. म्हणून आठवड्याला धुऊन कोरडे करणे आलेच. खालचे टोक बंद असेल, तर पाणी आणि माती जायला भोक हवे. अंगाकडच्या बाजूने मुठीपर्यंत उंच येणारा पदर असला की घाम थेट पोलादाला लागत नाही आणि घोड्याचे टोकही बरगडीला टोचत नाही.

आरामाबद्दल बोलायचे, तर निम्मे दुखणे होल्स्टरचे नसतेच, पट्ट्याचे असते. काडतुसांसह पाऊण किलोचे वजन ऑफिसच्या पातळ पट्ट्यावर लटकवले की पँट एका बाजूला ओघळते, मूठ बाहेर झुकते आणि माणूस दिवसभर पँट वर ओढत बसतो. त्या ओढण्यानेच बघणाऱ्याला कळते. पट्टा ३८ मिलिमीटर म्हणजे दीड इंच रुंद, दुहेरी चामड्याचा, आडवा धरल्यावर न वाकणारा हवा. होल्स्टरची खाच त्याच मापाची असावी. सैल खाचेत होल्स्टर पुढेमागे सरकते. पँटच्या आतून बसणारे घ्यायचे असेल, तर कंबर दोन इंच सैल शिवून घ्यावी, एरवी मांडी घालून जेवायला बसताच पोटाला रुतते.

आता कमरेवरची जागा. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजव्या कुशीच्या हाडाच्या किंचित मागे, मूठ थोडी पुढे झुकलेली, अशी ठेवली तर बहुतेकांना सोसते. मूठ झुकल्याने शर्टावर टोक उमटत नाही. पोटापुढे ठेवायची पद्धत सडपातळ माणसाला जमते, पण तिथे नळी मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीकडे रोखलेली असते, हे विसरू नये. पाठीच्या मध्यावर, मणक्यावर तर कुणीच बाळगू नये. पावसात जांभ्याची पायवाट शेवाळलेली असते, घाटात दुचाकी घसरते, आणि पाठीवर आपटलेल्या माणसाच्या मणक्याखाली पोलादाचा गोळा असणे म्हणजे आयुष्यभराचे दुखणे. घोट्याला बांधायचे होल्स्टर आपल्या चिखलात निरुपयोगी आहे.

चारचाकीत आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे सुरक्षापट्ट्याचा कमरेवरचा भाग नेमका होल्स्टरवरून जातो. तो मुठीच्या खालून, पुढच्या बाजूने घ्यावा. मुठीवरून घेतला की उतरताना शर्ट वर अडकून राहतो आणि टपरीवर चहा घेईपर्यंत पत्ता लागत नाही.

खिशात बाळगायची असेल तर पुढचाच खिसा, तोही खोल, आणि त्यात दुसरे काहीही नाही. नाणेसुद्धा नाही. खिशासाठी वेगळे होल्स्टर मिळते. त्याची बाहेरची बाजू खरखरीत असते, म्हणजे शस्त्र बाहेर काढताना होल्स्टर खिशातच राहते. गुळगुळीत असेल तर दोन्ही एकत्र बाहेर येतात. खिशासाठी ‘निर्भीक’च्या वजनाचे शस्त्र बरे, ७०० ग्रॅम पातळ सुती पँटच्या खिशात लोंबते आणि चालताना मांडीवर आपटते.

साडी नेसणाऱ्या किंवा पंजाबी ड्रेस घालणाऱ्या भगिनींना पट्ट्याचे होल्स्टर सोयीचे नसते. त्यांना कापडी कमरपट्टा चालतो, मात्र त्याच्या आत ट्रिगरवर कडक आवरण हवेच, नुसता इलॅस्टिकचा कप्पा नको. पर्समध्ये ठेवायची तर चेनचा स्वतंत्र कप्पा, त्यात आतून शिवलेले होल्स्टर, आणि पर्स कायम खांद्यावरून आडवी. पर्स मैत्रिणीकडे धरायला दिली की ताबा सुटला आणि नियमही मोडला.

विकत घेतल्यावर घरी परीक्षा घ्यावी. काडतुसे काढून दुसऱ्या खोलीत ठेवावीत, सहाही घरे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासावीत. मग होल्स्टर गादीवर उलटे धरून हलवावे. शस्त्र पडता कामा नये. कमरेला लावून पाटावर मांडी घालावी, उकिडवे बसावे, जिना चढावा, वाकून चपलेचा पट्टा लावावा, हात वर करून झेल्याने आंबा काढतो तसे ताणावे. शर्ट पट्ट्याखाली चार-पाच बोटे आला पाहिजे, नाहीतर हात वर होताच मूठ उघडी पडते. परत आत घालताना डाव्या हाताने शर्ट पूर्ण बाजूला धरावा, आत बघावे, बोट ट्रिगरपासून लांब ठेवावे आणि अंगठा घोड्यावर ठेवावा. ट्रिगरला काही अडकले तर घोडा अंगठ्याखाली उचलला जातो आणि तत्क्षणी कळते. पिस्तुलांत बहुधा न मिळणारी ही सोय रिव्हॉल्व्हरने दिली आहे, ती वापरावी. घाई कधीच नको. परत आत घालायला कितीही वेळ लागला तरी चालतो.

वडिलार्जित जुन्या रिव्हॉल्व्हरबद्दल वेगळे सांगावे लागेल. घोड्यावर आघात झाला तरी गोळी सुटू नये, अशी आतली अडसर पट्टी अनेक जुन्या शस्त्रांत नसते. अधिकृत शस्त्रदुरुस्तीवाल्याकडून खात्री होईपर्यंत पाचच काडतुसे भरावीत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या हातून परवान्याची रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना निसटली आणि गोळी त्यांच्या पायाला लागली, हे वाचकांना आठवत असेल.

रात्री शस्त्र होल्स्टरमध्ये ठेवू नये. काडतुसे काढून, घामाची जागा कोरड्या फडक्याने पुसून, वर बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, कुलपाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावे. काडतुसे वेगळ्या कुलपात. खोबरेल घरात असते म्हणून अनेक जण तेच वापरतात. ते थंडीच्या रात्री गोठते, पुढे चिकट होते आणि घोड्याची हालचाल जड करते. चामड्यालाही ते लावू नये, चामडे मऊ पडून तोंड मिटू लागते. बुरशी आली तर कोरड्या ब्रशने झाडून, वाऱ्याला सावलीत टांगावे. चुलीवर किंवा कडक उन्हात वाळवले की चामडे आक्रसते आणि शस्त्र आत जाईनासे होते.

निवडणुकीसाठी पोलीस ठाण्यात जमा करतानाही हेच पथ्य पाळावे. शस्त्र होल्स्टरसकट देऊ नये. तेल लावून, तेलकट कागदात गुंडाळून द्यावे, पावतीवर क्रमांक तपासून घ्यावा. परत घेताना नळीतून उजेडाकडे पाहावे, सिलिंडर फिरवून पाहावे, आणि होल्स्टरमध्ये पुन्हा घालण्याआधी जुने तेल पुसून काढावे, कारण ते चामड्यात मुरले की तोंड लुळे पडायला वेळ लागत नाही.

आपले,
काही परवानाधारक वाचक,
रत्नागिरी जिल्हा