फारकतीच्या कागदाबद्दल

प्रिय संजू,

व्हॉट्सॲपवर पाठवलेला कागद वाचला भो. पाचशेचा स्टॅम्प, नोटरीचा गोल शिक्का, पाच पंचांच्या सह्या, तळाशी आबांची थरथरती सही, आणि मधेच ती ओळ, 'आजपासून उभयता दुसऱ्या लग्नास मोकळे'. बैठक शांततेत झाली हे चांगलंच झालं, पण ह्या कागदाने तुमचा घटस्फोट झालेला नाही, नोटरी काय, ती फक्त सही तुझीच आहे एवढंच सांगते. समाजात फारकत चालत आलीय असं कोणी ना कोणी म्हणणारच, आणि हिंदू विवाह कायद्यात रूढीला जागा आहे हेही खरं, पण ती रूढी आपल्या समाजात पूर्वापार आहे हे उद्या कोर्टात पुराव्याने दाखवायला लागेल तेव्हा पंचांपैकी कोण येणारे सांग?

आमच्या भावकीतल्या मास्तरांचं आठवतं ना. असाच कागद करून दुसरं लग्न केलं, वारले तेव्हा फॅमिली पेन्शनला दोघी उभ्या. कागदोपत्री पहिलीच बायको होती. दुसरीच्या मुलांना कायदा औरस मानतो, तिला स्वतःला मात्र काही नाही, आणि मास्तरांचं शेवटचं आजारपण तिनेच काढलेलं.

म्हणून तुम्ही दोघं राजी आहात तोवर कलम १३-ब खाली संमतीचा अर्ज टाका. वर्षभर वेगळे राहिलेले असायला पाहिजे, ते तुमचं झालंय. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की समेटाची आशाच नसेल आणि देण्याघेण्याचं, मुलांचं सगळं मिटलेलं असेल तर कोर्ट तो काळ माफ करू शकतं. हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे ठरलेली सगळी रक्कम आधीच रोख देऊन मोकळा होऊ नको. थोडी कोर्टाच्या पहिल्या तारखेला, बाकीची शेवटच्या, आणि डीडीने. वहिनींनी (तोंडात बसलंय, जाऊ दे) केलेली ४९८-अ ची, म्हणजे सासरच्या छळाची केस बैठकीत मिटली म्हणून संपत नाही, ती रद्द करायला हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठातच जावं लागेल, तर तिथे त्या संमती देतील हेही त्याच तडजोडीत लिहून घे.

आता चिऊचं. कागदात लिहिलंय की 'मुलीचा यापुढे कसलाही हक्क राहणार नाही'. हे कोणाच्या डोक्यातून आलं? आईबापाने सही करून पोरीची पोटगी सोडता येत नाही, ती तिची आहे. आणि आबांची ती वडिलोपार्जित केळीची जमीन, तुझ्या वाट्यात तिचा जन्मापासून हक्क आहे, २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगी मुलाच्या बरोबरीने, तुम्ही वेगळे झालात म्हणून तो जात नाही. ती ओळ काढून टाक. आबांना मी समजावतो, तू बोललास की ते चिडतात.

केळी विकल्याच्या पट्ट्या, म्हणजे व्यापाऱ्याच्या पावत्या, आबांच्या नावावर काढून तुझं उत्पन्न कमी दाखवायचं म्हणे, कोणी सुचवलं रे? पोटगीचं प्रकरण लढतीवर गेलं तर दोघांनाही मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, २०२० पासून सुप्रीम कोर्टाचा तसा आदेश आहे, मग बँकेचं स्टेटमेंट आणि आयटी रिटर्न समोर आले की खोटं उघडं पडायला वेळ लागत नाही, वर खोट्या शपथेचं लफडं. आणि खरं सांगू, मलाही ते पटत नाही.

पुण्याच्या फ्लॅटच्या लोनवर दोघांच्या सह्या आहेत. घर तुला ठरलंय ते तुमच्या दोघांत, बँकेला त्याचं काय, हप्ता थकला की वहिनींचाही सिबिल बिघडणार. तुझ्या एकट्याच्या पगारावर लोन बसतं का ते आधी विचार, मग त्यांचा हिस्सा रजिस्टर दस्ताने तुझ्या नावावर घे. पीएफ, एलआयसी, बँक सगळीकडे नॉमिनी कोण आहे तेही बघ, घटस्फोटाने नाव आपोआप बदलत नसतं.

सोनं राहिलं. माहेरचं आणि लग्नात अंगावर घातलेलं ते स्त्रीधन, ते त्यांचंच. काकूंच्या कपाटात काय काय आहे ते तोळ्यांसकट लिहून, लग्नाच्या अल्बमशी ताडून, वहिनींच्या भावासमोर परत दे आणि पोच घे. ती पाटलीची जोडी काकूंना स्वतःची वाटते, मला माहितीय, पण बिल वहिनींच्या वडिलांच्या नावावर आहे, मी सोबत होतो सराफात.

शनिवारी जळगावला ये, वकिलांशी बोललोय, फी आधीच ठरवून घेऊ. येताना लग्नाचा दाखला, चिऊचा जन्मदाखला, लोनचं स्टेटमेंट आण. आबांना आणू नको. जेवायला इकडेच ये, भरीत करायला सांगतो.

तुझा,
पक्या