नुसती बेशरम काढून तलाव सुधरत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळा लागला की आमच्याकडे तलाव खोलीकरणाचे ठेके निघतात म्हणून आत्ताच लिहितोय. गावच्या मालगुजारी तलावात (जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी बांधलेल्या) निम्म्याच्या वर बेशरम ही परकी झुडपी वनस्पती माजली आहे. मागच्या खेपेला ठेकेदारानं जेसीबी लावून ती मोडली अन् ढीग तिथंच पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर टाकून दिले, आता बेशरमची कांडी ओलीत पडली की मुळं धरते हे गावात कोणालाही ठाऊक आहे, पहिल्याच पावसात अख्खी पाळ हिरवी झाली.

ही बेशरम मूळची दक्षिण अमेरिकेतली. ढोरं तोंड लावत नाहीत म्हणून लोकांनी कुंपणाला लावली आणि ती तलावात, बोडीत (लहान तळ्यात) उतरली. काठच्या उथळ पाण्यात देवधान (रानटी भात), कमळ, पाण्याखालचं गवत असतं, तिथंच मासोळी अंडी घालते, अडई बदकं, कमळपक्षी तिथंच चरतात. ती जागा बेशरमनं खाल्ली की मच्छीमार सोसायटीनं कितीही रोहू-कटल्याचं बीज सोडा, गावठी मासा काही येत नाही, अन् जाळं टाकलं तर फाटतं ते वेगळंच.

परक्या झाडोऱ्याचं असं दुसरीकडंही झालंय. चीननं 1979 मध्ये किनारा धुपू नये म्हणून अमेरिकेतलं स्पार्टिना गवत आणून लावलं, ते भरती-ओहोटीच्या चिखलावर इतकं दाट पसरलं की चिखलातले किडे टिपणाऱ्या पक्ष्यांना उतरायलाच जागा उरेना, त्यात चमच्या तुतारीसारखा जगातून नाहीसा व्हायला आलेला पक्षीसुद्धा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत हेच गवत काढलं तर तिथल्या रेल नावाच्या दुर्मिळ पाणपक्ष्याचा आडोसा गेला, संख्या घटली, मग काही ठिकाणी काम थांबवून मूळची झाडं लावावी लागली. आमच्याही बेशरमवर रात्री बगळे बसतात हो! म्हणून एकदम सगळं साफ करू नका, तुकड्या-तुकड्यानं करा.

पाणी उतरल्यावर मुळासकट उपटा, कांड्या पाण्यापासून लांब नेऊन वाळवा आणि जाळा, अन् पाऊस आल्यावर त्या जागी देवधान आणि पाणगवत लावा. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे ढिवर (मासेमार) समाजाच्या बायांनी हे करून दाखवलंय. कोणतं गवत कुठं लागतं, कोणता मासा त्यात राहतो हे त्यांना इंजिनिअरपेक्षा जास्त कळतं. यंदाच्या अंदाजपत्रकात लागवडीचा खर्च वेगळा धरावा आणि काम रोजगार हमीतून गावच्या ढिवरांनाच द्यावं, ठेकेदाराला नको.

आपला एक वाचक,
ता. साकोली, जि. भंडारा