गोलूला पत्र: आईच्या फुकटच्या कामाबद्दल

गोलू,

हे पत्र तुला आत्ता वाचता येणार नाही, आत्ता तुला मोबाईल फक्त आपटता येतो. पण आज आजी परत तेच बोलली आणि म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं. आजीचं म्हणणं असं की नोकरी आहे, पोट्टं आहे, घर आहे, मग हे चौथं फुकटचं काम काऊन करून राहिली बापा, एक रुपया तर भेटत नाही.

तर आधी पहिलं काम सांगते. मी टेक्निकल रायटर आहे, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणारे बनवतात आणि ते वापरायचं कसं हे मी लिहिते, युजर गाईड, रिलीज नोट्स (नव्या व्हर्जनमधे काय बदललं ते), एपीआयचं (एक सॉफ्टवेअर दुसऱ्याशी बोलतं ती सोय) डॉक्युमेंटेशन असं सगळं. पुण्यात, हैदराबादला, बंगलोरला सांगितलं तर लोक मान डोलावतात, नागपुरात विचारतात म्हणजे टायपिंग का? तुझ्या एका मावसआजीला अजूनही वाटतं की मी कोर्टाबाहेर मशीन घेऊन बसते. इथल्या ऑफिसात या कामाची मी एकटीच, काही अडलं तर विचारायचं कोणाला? म्हणून लग्नाआधीपासून मी या धंद्यातल्या लोकांच्या मंडळात घुसले. त्यांची मोठी संस्था अमेरिकेतली, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, आम्ही एसटीसी म्हणायचो, 1953 ची. तिच्या नावाखाली भारतातली आमची मंडळी कॉन्फरन्स करायची, वेबिनार करायची, आणि माझ्याकडे नव्या पोरापोरींचं मेंटॉरिंग होतं, रविवारी सकाळी. हेच ते चौथं काम.

तू झालास एप्रिल 2024 मधे. नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय ते तुला पहिल्याच महिन्यात कळलं. 30 मे ला तर बातमी आली नागपुरात 56 डिग्री, सगळीकडे बोंबाबोंब, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. पण खरं जे होतं तेही काही कमी नव्हतं, कूलर दिवसरात्र घरघरून राहिला आणि आजी माझ्यामागे, लेकराला दोन चमचे पाणी तरी पाज. मी म्हणे सहा महिने फक्त आईचं दूध, जागतिक आरोग्य संघटना सांगते, दुधात 87-88 टक्के पाणीच असतं. आजी म्हणे त्या संघटनेला नवतप्यात इथे आणून बसव. (दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, मग डॉक्टरीण बाईंनी तेच सांगितलं तर लगेच पटलं.)

पुढे मी दूध काढून ठेवायला लागले तेव्हा माझ्यातली रायटर जागी झाली. जिथे वाचावं तिथे लिहिलेलं, काढलेलं दूध रूम टेम्परेचरला चार तास टिकतं. कोणाच्या रूमचं? बारीक अक्षरात खाली सापडलं, 25 डिग्री किंवा त्याहून कमी. आपल्या हॉलमधे कूलर लावूनही 33-34, मग ते चार तास आपल्यासाठी नाहीतच, काढलं की सरळ फ्रीजमधे, तिथे चार दिवस. फ्रीजवर मी मराठीत कागद चिकटवला, एका पायरीत एकच काम, हात धुवा, आधीची तारीख असलेली बाटली आधी काढा, कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, मायक्रोवेव्ह नाही, जोरात हलवू नका, हलकं फिरवा. आजोबांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले हलकं म्हणजे किती? इतकी वर्षं इंजिनीयर लोकांना मी हेच विचारून राहिले होते. मग लिहिलं, साय दुधात मिसळेपर्यंत बाटली हातात गोल फिरवा. तो कागद पुढे तीन शेजारणींकडे गेला, एकीनं लॅमिनेट करून घेतला.

रजा मला 26 आठवडे होती, पगारी. 2017 आधी 12 च मिळायची म्हणतात तर मला त्या बायांचा विचार करूनच कसंतरी होतं. कायद्यात अजून एक आहे, मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन ब्रेक त्याला पाजायला. मी कामावर परत गेल्यावर, म्हणजे घरूनच, ते दोन ब्रेक कॅलेंडरवर ब्लॉक केले, तर लोकांनी नेमके त्याच्यावरच कॉल टाकले. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असली तर पाळणाघरही द्यावं लागतं, पण आमच्या ऑफिसात तेवढी माणसंच नाहीत.

आणि परत आले तर काय, तेवढ्यात ऑफिसवाल्यांनी सगळं डॉक्युमेंटेशन वर्डमधून उचलून गिटवर नेलेलं, म्हणजे प्रोग्रॅमर लोक फाईलींमधले बदल सांभाळायला वापरतात त्यावर, मार्कडाऊन फाईली, ब्रँच, पुल रिक्वेस्ट, सगळे शब्दच नवे. ट्रेनिंग होऊन गेलं होतं. रेकॉर्डिंग पाहून घे म्हणाले, रेकॉर्डिंगमधे अर्धा तास कोणाची तरी स्क्रीनच दिसत नाहीये. गुरुवारी रिलीज आणि बुधवारी रात्री माझा मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच ओळीत माझे आणि दुसऱ्याचे बदल भिडलेले, लाल लाल ओळी, डाव्या हातावर तू, उजव्या हातानं माऊस. मी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर एवढंच टाकलं की कोणी जागं आहे का. हैदराबादची एक पोरगी, कधीकाळी माझ्याच रविवारच्या बॅचमधली, तिनं लगेच फोन केला आणि एक एक ओळ करून सोडवून घेतलं, ही तुझी, ही त्यांची, दोन्ही ठेवायच्या तर हे चिन्ह खोडा. मधे तू भोकाड पसरलं तर म्हणाली मॅम आधी त्याला पाजा, मी थांबते. थांबली. आजीला मी हे सांगितलं, आजी म्हणाली बरं झालं, पण पैसे?

मग जानेवारी 2025 संपता संपता ती एसटीसीच बंद झाली, दिवाळखोरीत, सत्तर वर्षांची संस्था आणि एक ईमेल. तुझा बाबा म्हणाला आता तर सुटलीस. मला वाईट वाटलं, खोटं काय बोलू, माझ्या प्रोफाईलवर ते नाव मी अभिमानानं लावलं होतं. पण पुढच्या रविवारी पोट्टे ऑनलाईन येऊन बसलेच होते, कोणाचा लोगो नाही काही नाही, एकाला त्याच्या रिलीज नोट्स दाखवायच्या होत्या, एकीला विचारायचं होतं की हे एआय आल्यावर आपली नोकरी राहते का. मी तिला म्हटलं ते लिहून देतं भरभर, पण हलकं म्हणजे किती हे विचारायला समोर कोणीतरी आजोबा लागतात. तिला काही समजलं नाही, मग फ्रीजवरचा कागद कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला.

माझा हिशोब असा आहे गोलू, पगार मला झालेल्या कामाचा मिळतो, पण पुढचं काम मला येईल की नाही हे त्या रविवारच्या दीड तासावर आहे. आणि अजून एक, तू झाल्यापासून घरात दारात सगळ्यांसाठी मी गोलूची आई, ते मला आवडतं, खूप आवडतं. पण आठवड्यातून एकदा कोणी माझा रिव्ह्यू मागावा, माझ्याशी वाद घालावा, हेही मला लागतं. याला तू स्वार्थ म्हण, माझी हरकत नाही.

सगळं जमत मात्र नाही हं. ग्रुपवाले आता आपलीच एक छोटी कॉन्फरन्स करायची म्हणून राहिले, स्पीकर, हॉल, स्पॉन्सर, सगळं बघ म्हणून मला धरलं होतं. तुला आताशा रात्री दाढांचा त्रास, ऑफिसात दोन रिलीज एकाच महिन्यात, मी सरळ नाही म्हटलं. फक्त रविवार ठेवला, बाबा तेवढ्यात तुला महाराजबागेत नेतो. आजीला हे नाही म्हटल्याचं अजून सांगितलेलं नाही, नाहीतर म्हणेल पाहिलं, मी म्हणतच होते. तू आता शब्द जोडून बोलायला लागलायस, तूही सांगू नको.

तुझी,
आई