औंधला गेल्या वर्षी कोण गायलं?

प्रिय बंड्या,

तुझा फेब्रुवारीतला व्हॉइस मेसेज काल रात्री परत ऐकला. मागे कुठंतरी ऑर्गन वाजतोय आणि तू ओरडून सांगतोयस की पहाटेचे चार वाजलेत, नाटक अजून संपलेलं नाही आणि एक माणूस उठायला तयार नाही. मी त्यावर 'मस्त रे, फोन करतो' एवढंच टाकलं होतं. आठ महिने झाले. मला माहितेय तो मेसेज नुसता नाटकाबद्दल नव्हता, भांडण मिटवायला पहिलं पाऊल तू टाकलं होतंस. चूक माझी आहे, आणि आज लिहायला बसलोय ते त्या भांडणातलाच एक प्रश्न परत समोर आला म्हणून.

तब्येत बरी आहे, शुगर आटोक्यात, गुडघा कुरकुरतो. आईला ऐकू कमी येतं, पण तुझं नाव घेतलं की बरोबर ऐकते.

आता मुद्द्याचं. दसऱ्यानंतरच्या रविवारी इथं सांगलीत एका पेपरवाल्यांनी कार्यक्रम ठेवला होता, शहरात कलेचं काम करणारे पाच जण, प्रत्येकाने आपला सगळ्यात आवडता कार्यक्रम सांगायचा आणि येत्या सीझनमध्ये लोकांनी काय चुकवू नये ते सांगायचं. नाटकवाल्यांतून मला बोलावलं. हॉल बऱ्यापैकी भरलेला, पुढच्या रांगेत आपल्या संस्थेला मदत करणारे तिघं.

आधी ग्रंथालयाच्या बाई बोलल्या. त्यांनी औदुंबरचं साहित्य संमेलन सांगितलं, कवी सुधांशूंच्या गावचं, दर संक्रांतीला भरतं ते. म्हणाल्या, मी लहानपणी वडिलांच्या सायकलवर पुढं बसून गेले, कविता काही कळली नाही, पण नदीकडून येणारा गार वारा आणि माईकची खरखर अजून कानात आहे. नंतर भरतनाट्यमच्या बाई. त्यांनी मोठं नाव एकही घेतलं नाही, क्लासमधल्या सहा वर्षांच्या पोरीने पहिल्यांदा घुंगरं बांधली तो दिवस सांगितला, आणि सांगताना मधेच थांबल्या. तबल्याचे मास्तर आठवतात ना, आपल्याला लयीवरून शिव्या द्यायचे ते, त्यांनी मिरजेच्या अंबाबाईचा नवरात्रातला संगीत महोत्सव सांगितला आणि कुठल्या साली कुणी कुठला ताल कसा वाजवला ते हाताने वाजवून दाखवलं. चित्रकार साहेबांचं आता आठवत नाही, कारण तोवर मी माझ्या भाषणाच्या तयारीत होतो.

आणि माझी पाळी आली. जिभेवर एकच गोष्ट होती. तुला सांगायला नको कुठली. दर्ग्याची ती रात्र.

पण मी पुण्याचं सवाई गंधर्व सांगितलं. भीमसेनजींनी 1953 मध्ये गुरूंच्या आठवणीत सुरू केलेला महोत्सव, रमणबागेतल्या थंडीतल्या रात्री, नंतर मुकुंदनगरला हललेला मांडव, सगळं कसं घडाघडा बोललो. मग येत्या दिवसांतलं काय, तर सातारा जिल्ह्यातलं औंध. 1940 पासून चाललेला महोत्सव, अंतुबुवा जोशींनी सुरू केला, कोजागिरी झाली की पुढच्याच आठवड्यात, संस्थानच्या राजधानीचं गाव, टेकडीवरची यमाई, नक्की जा म्हणून सांगितलं. टाळ्या पण चांगल्या पडल्या. माहिती तोंडपाठ आहे रे सगळी, पस्तीस वर्षं तेच करतोय.

मग प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मागून एक कॉलेजची पोरगी उठली. अठरा-एकोणीसची असेल, हातात वही. म्हणाली, सर, मी औंधला कधी गेले नाही, तुम्ही एवढं छान सांगितलं, तर गेल्या वर्षी तिथं कोण गायलं आणि तुम्हाला काय आवडलं?

बंड्या, मी 2013 नंतर औंधला गेलोच नव्हतो. आणि मी म्हणालो, "गेल्या वर्षी सगळ्यांचंच फार सुंदर झालं."

तिने ते वहीत लिहून घेतलं. त्या पोरीने ते लिहून घेतलं हे मला तेव्हापासून छळतंय. खोटं आपण सगळेच कधी ना कधी बोलतो, पण कुणी विश्वासाने लिहून घ्यावं आणि ते खोटं असावं, हे माझ्याकडून पहिल्यांदाच झालं.

आणि लगेच तू आठवलास. 8 ऑगस्ट 2024, कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं ती रात्र. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती, आणि 1915 मध्ये शाहू महाराजांनी उभं केलेलं ते थिएटर डोळ्यांदेखत गेलं. मी तुला फोनवर म्हणालो, आपलं सगळं गेलं रे. आणि तू विचारलंस, "तिथं शेवटचं काय बघितलंस?" मी फोन आपटला. मला वाटलं, अशा वेळी असं विचारतोस, तुला काळीज आहे की नाही. पण राग त्याचा नव्हताच. मला उत्तर देता आलं नव्हतं. आपला प्रयोग तिथं झाला, तू लाइटला, मी दुसऱ्या अंकात, पडद्यामागच्या त्या लाकडाचा वास मला आत्ताही सांगता येईल, पण प्रेक्षक म्हणून तिकीट काढून मी तिथं शेवटचा कधी बसलो? आठवलं नाही. वर्ष सरल्यावर एका पोरीने तोच प्रश्न विचारला, आणि तिचा तर फोन पण आपटता येत नव्हता.

तू गट सोडलास तेव्हा काय म्हणाला होतास ते मी कुणाला सांगितलेलं नाही. भावे नाट्यमंदिराच्या दारात मी तिकिटांची अर्धुकं मोजत उभा होतो, आत पहिला अंक चालू होता, आणि तू म्हणालास, "तू नाटक बघत नाहीस, गर्दी बघतोस." मी म्हणालो गर्दी बघितली नाही तर हॉलचं भाडं तू भरणार का? तेव्हा मला ते उत्तर बिनतोड वाटलं होतं. अजूनही अर्धं बरोबर वाटतं, कारण भाडं भरावंच लागतं, आणि कुणीतरी दारात उभं राहिल्याशिवाय आत नाटक होत नाही. पण उरलेलं अर्धं तुझं बरोबर होतं आणि ते मान्य करायला मला इतकी वर्षं लागली.

आता पुढचं ऐक. मी औंधला गेलो. कार्यक्रमात लोकांना जा म्हणालो होतो, तर निदान आपण जावं म्हणून गेलो. विट्यावरून एसटी, एकटाच, कुणाला कळवलं नाही, पास नाही, ओळख नाही. मधल्या एका रांगेत बसलो. आणि काय झालं सांगू? ऐकू येईना. म्हणजे कान ठीक आहेत. पण गाणं सुरू झालं की मी बघतोय डावीकडचा स्पीकर किंचित जास्त वाजतोय, स्वयंसेवक पोरं दारात बोलतायत, तिसऱ्या रांगेत अकरा खुर्च्या रिकाम्या, निवेदन लांबलं, दुसरा कलाकार उशिरा बसणार. डोकं थांबेचना. तास-दीड तास असा गेला. मला भीती वाटली लेका, खरी भीती. की हे आता कायमचं गेलं. आपण ज्याच्यासाठी हे सगळं करायला लागलो तेच आपल्याकडं राहिलं नाही, आणि आपण दुसऱ्यांना सांगत फिरतोय की जा, चुकवू नका.

मग मध्यंतरानंतर तानपुरे लागत होते. दोन तानपुरे, एक जरा उतरलेला. तो वर येत येत दुसऱ्याला मिळाला, आणि मला एकदम आपला मिरजेचा भोपळा आठवला. सतारमेकर गल्लीतून मास्तरांसाठी आणायला सांगितलेला, एसटीत तू मांडीवर घेऊन बसलेला, आणि कंडक्टरने गमतीत विचारलं ह्याचं अर्धं तिकीट काढायचं का, तर तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "नाही काढायचं, पाच वर्षांच्या आतला आहे, अजून तारा पण आल्या नाहीत." अख्खी एसटी हसली होती. औंधला त्या शांततेत मला हसू फुटलं, शेजारच्या आजोबांनी बघितलं माझ्याकडं. आणि त्यानंतर दहा-बारा मिनिटं, बंड्या, मी काही मोजलं नाही. नुसतं ऐकलं. मग परत स्पीकर दिसायला लागला. पण ती दहा-बारा मिनिटं होती, हे तुला सांगायचं होतं, आणि तुलाच.

(त्या गल्लीतल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वाचलंस का? भोपळे अजून पंढरपूरकडचेच. मला उगाच आपल्याच घरात काहीतरी आल्यासारखं वाटलं.)

आता दर्ग्याचं. मी कार्यक्रमात ते का बोललो नाही याचा खूप विचार केला. एक कारण पुढची रांग, ते आहेच. पण दुसरं असं की त्या रात्रीचं सांगायचं काय? उरूस, मिरजेचा ख्वाजा शमना मीरांचा दर्गा, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीची सभा, चिंचेचं झाड, एवढं सांगता येतं. पण पहाटे तीनच्या पुढं जो गायला त्याचं नाव आपल्याला कळलंच नाही. आवाज फुटलेला, वय झालेलं, तीस-चाळीस माणसं जागी, त्यातली निम्मी पेंगलेली. बिदागीसाठी आला नव्हता, हजेरी लावायला आला होता. आणि त्याने ललत राग असा लावला की तू माझं मनगट धरलंस आणि उजाडेपर्यंत सोडलं नाहीस. सांगलीपर्यंत सायकली हातात धरून चालत आलो आपण, दहा किलोमीटर, चढून बसायचं सुचलं नाही. विश्रामबागेपाशी तू पहिलं वाक्य बोललास ते पण "चहा घेऊ" एवढंच. हे माईकवर तीन मिनिटांत कसं सांगायचं? नाव नाही, साल नीट आठवत नाही, फोटो नाही. लोकांना जा म्हणून कुठं पाठवायचं?

पण नृत्याच्या बाईंनी सांगितलंच की. सहा वर्षांची पोरगी आणि घुंगरं. तिथंही नाव नव्हतं.

पेपरवाल्यांना येत्या रविवारपर्यंत माझी यादी लेखी द्यायचीय, तीन पसंती, प्रत्येकी शंभर शब्द. आधीची मी फाडली. आता असं ठरवलंय, बघ पटतंय का. एक, दर्ग्याची सभा, आणि त्यात ती रात्र जशी झाली तशी लिहायची, नाव कळलं नाही हे पण लिहायचं. दोन, राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी. 5 नोव्हेंबरला भाव्यांत रंगभूमी दिनाला सगळं गाव येतं, गौरव पदक बघायला, 1843 चं सीता स्वयंवर आपल्या गावात झालं याचा अभिमान सगळ्यांना. पण त्याच मोसमात मंगळवारी संध्याकाळी कुठल्यातरी गावची हौशी पोरं पदरचे पैसे घालून सेट लावतात, तेव्हा समोर परीक्षक आणि त्यांच्याच आया-बहिणी. मी लिहिणार आहे की पदकाला या, पण त्या मंगळवारी पण या, आणि मी स्वतः सगळे प्रयोग बसून बघणार आहे, दारात नाही. तीन, औदुंबर. कधी गेलेलो नाही, म्हणून सरळ 'मी पण पहिल्यांदाच जाणार आहे' असं लिहीन.

आणि त्या पोरीचं काय करायचं ते सुचत नाही. पेपरवाल्यांकडून नंबर मिळेल, पण फोन करून काय म्हणू? तू असतास तर म्हणाला असतास, सरळ सांग की मी खोटं बोललो. 2022 मध्ये पुरुषोत्तम एकांकिका स्पर्धेचा करंडक परीक्षकांनी कुणालाच दिला नाही तेव्हा पण तू असाच होतास, "दर्जा नाही तर नाही, स्पष्ट सांगितलं, बरं केलं." आपण तीन दिवस भांडलो होतो त्यावरून. मला अजूनही वाटतं पोरांच्या हाती काहीतरी द्यायला हवं होतं, 1963 पासून कधी रिकामा न राहिलेला करंडक त्याच वर्षी का? त्यावर मी हटणार नाही. पण इथं तुझं बरोबर असेल. यादीतच लिहितो वाटतं, की औंधबद्दल मी त्या दिवशी जे उत्तर दिलं ते खरं नव्हतं. पुढच्या रांगेतले तिघं वाचतील. वाचू देत.

तुझं कसं चाललंय? वहिनींच्या बदलीचं झालं का? धाकटी बारावीला ना यंदा, तिला आशीर्वाद सांग. घराचं प्लास्टर पुरं कर आधी, रंग नंतर.

आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा मोसम सुरू झाला असेल तिकडं विदर्भात, धान कापलं की मंडईंची, म्हणजे जत्रांची गडबड. तिथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तू किती खुश होतास, मी फक्त अंगठा पाठवला होता. मी येतोय. मिरजेहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदिया, तिथून वडसा, तिकीट काल काढलं, 18 तारखेला पोचतो. स्टेशनवर ये. तुझी तिथं सगळ्या कंपन्यांत ओळख झाली असेल, पण कुणाला फोन करून पास मागू नकोस, मी संस्था चालवतो हे पण सांगू नकोस. दोन तिकिटं काढ, खाली जमिनीवर बसायची, आणि शेजारी बस. मी मागं वळून गर्दी बघायला लागलो तर मनगट धर.

तुझा,
बाळ्या