संडे स्कूलच्या पालकांसाठी सूचना

मंडळी, सांगली-मिरजेतल्या सगळ्या आईबाबांना आठवण. रविवारी कुर्बाना (चर्चमधली मुख्य उपासना) झाल्या झाल्या पोरांचा क्लास आहे, लगेच गाडीला किक मारून निघू नका. सध्या बायबलमधल्या गलतीकरांस पत्र 5:22-23 मधली आत्म्याची नऊ फळं, म्हणजे नऊ चांगले गुण, चालू आहेत, प्रीती, आनंद, शांती झालं, आता सहनशीलता. पाठांतर नकोय, ते पोरं फडाफडा म्हणतात आणि पाचच मिनिटांत भडंगाच्या पुडीवरून एकमेकांची कॉलर धरतात, बघितलंय आपण सगळ्यांनी. त्यापेक्षा आठवडाभर घरी एवढंच बघा, धाकट्याला आधी वाढलं तर थोरला गप बसतो का, बसला तर तिथंच शाबासकी द्या, पण मोबाईलचं आमिष नको हां.

आणि ईस्टरआधीचा मोठा उपवास लागतो त्या पहिल्या सोमवारी शुबकोनो (क्षमेची उपासना) असतो, सगळे एकमेकांची क्षमा मागतात, त्याला पोरांना घरी ठेवून येऊ नका प्लीज. फादर आणि आपण मोठी माणसं वाकून क्षमा मागतोय हे त्यांना दिसू दे, नुसतं 'सॉरी म्हण' म्हणून दटावून काय होत नाही.

वही-पेन्सिल पाठवा. विश्रामबागकडून यायला गाडी लागणार असेल तर शनिवारपर्यंत ग्रुपवर टाका.