ओवेन नुसता स्वप्नाळू नव्हता

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटिश गिरणीमालक आणि समाजसुधारक रॉबर्ट ओवेनवरचा लेख वाचला, चांगलाय, पण सगळा भर अमेरिकेतल्या न्यू हार्मनी या त्याच्या आदर्श वसाहतीच्या फसलेल्या प्रयोगावर आणि माणूस 'स्वप्नाळू' म्हणून निकालात. अहो, त्याआधी १८०० पासून स्कॉटलंडच्या न्यू लॅनार्कमध्ये त्यानं वीसेक वर्षं सूतगिरणी नफ्यात चालवली त्याचं काय? दहा वर्षांखालची पोरं कामावर घेणं बंद केलं, १८१६ साली त्यांच्यासाठी शाळेची इमारत उघडली, आणि अमेरिकेनं कापूस रोखला तेव्हा चार महिने यंत्रं बंद असतानाही कामगारांना पूर्ण पगार दिला, हे स्वप्नाळूपणात कसं बसतं? मारझोडीऐवजी प्रत्येकाच्या जागेवर चाररंगी लाकडी ठोकळा टांगलेला असायचा, काळी बाजू दिसली की काल काम वाईट, पांढरी म्हणजे उत्तम. हा प्रकार मला मात्र जरा मास्तरकीचाच वाटतो.

– एक वाचक, सातारा